इरागोची वाट

प्रवासास केव्हां निघावें या प्रश्नाचें उत्तर ज्या त्या देशाचें हवामान देत असतें. आमच्या महाराष्ट्रांत पावसाळा हा घरीं बसण्याचा काळ. दसऱ्यास सीमोल्लंघन झालें, नद्यांस उतार पडला, कीं स्वाऱ्या, व्यापार आणि यात्रा यांचे दिवस सुरू होत. कार्तिकी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटांत उतरणाऱ्या वारकऱ्यास थंडी ही अडचण वाटत नसून सोय वाटते. जपानांत गोष्ट उलट आहे. तेथें हिवाळा हा शेगडीशीं बसण्याचा ऋतु. सैबेरियावरून निघालेले कोरडे वारे जपानी समुद्र ओलांडतांना पाणी शोषून घेतात आणि देशाच्या मधोमध पाठकण्यासारख्या पसरलेल्या डोंगरांवर आपटून पश्चिमेच्या अंगास बर्फाचे ढीग रचतात. डोंगर ओलांडून ते पॅसिफिकच्या बाजूस उतरतात तेव्हां त्यांच्याजवळचें पाणी संपलेलें असतें. उरलेली असते ती केवळ धार. सह्याद्रीचा माथा आणि त्याच्या पलीकडचा अवर्षणाचा मुलूख यांमध्यें जें नातें आहे तेंच हें. फक्त पावसाच्या जागीं बर्फ आहे, आणि वाऱ्यांची दिशा निराळी आहे.

असा हिवाळा समोर दिसत असतां जो मनुष्य आपण होऊन, एकटा, पायीं निघतो त्याला कांहीं तरी निकड असली पाहिजे. १६८७ सालीं जपानी पंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या २५ व्या तिथीस, म्हणजे इंग्रजी २९ नोव्हेंबरला, एदो शहर सोडून तोकाइदो या राजमार्गास लागलेला मात्सुओ बाशो हा असा एक प्रवासी होय. एदो म्हणजे आजचें तोकियो. आमच्याकडे ते दिवस कार्तिक वद्य पक्षाचे. इकडे दक्षिणेंत गोवळकोंडा पडून दोन महिने झाले होते, विजापूर त्याच्या आदल्या वर्षींच गेलें होतें, आणि औरंगजेबाच्या छावणीनें व्यापलेल्या मुलखांतून एकट्या निःशस्त्र माणसानें दोनशें मैल चालत जाण्याचा विचार सहसा केला नसता. हा समकालीन संदर्भ वाचकांनीं मनांत ठेवावा. बाशोच्या प्रवासाचें पुष्कळसें श्रेय तोकुगावा राजवटीनें आणलेल्या शांततेस आहे. पण ती शांतता फुकट मिळालेली नव्हती, आणि तिची किंमत भरणाऱ्यांपैकीं एकाची गांठ याच प्रवासांत पुढें पडावयाची आहे.

बाशोचें नांव मराठी वाचकांस आतां अनोळखी नाहीं. रवींद्रनाथांनीं १९१६ सालच्या आपल्या जपानच्या प्रवासवर्णनांत त्याच्या रचनांचा परिचय बंगाली वाचकांस करून दिला. पुढें शिरीष पै यांनीं हायकू हा काव्यप्रकार मराठींत रुजविला, तेव्हांपासून बाशो आमच्या वाचकांच्या घरचाच झाला म्हणावयास हरकत नाहीं. परंतु या परिचयांतून जें चित्र उभें राहतें तें एका विरक्ताचें आहे. तळें, चंद्र, पाऊस, सुकलेली फांदी, आणि या सर्वांकडे पाहणारा एक निरिच्छ जीव. माणसें त्यांत जवळजवळ नाहींतच. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे असें आम्हांस वाटतें. १६८७ च्या हिवाळ्यांत बाशो ज्या वाटेसाठीं चाललेलें अंतर मोडून मागें फिरला ती वाट कोणत्याहि रम्य स्थळाकडे जात नव्हती. सरकारनें गुन्हेगार ठरवून हद्दपार केलेल्या एका तांदुळाच्या व्यापाऱ्याच्या दाराकडे ती जात होती.

प्रथम या प्रवाशाची थोडी ओळख. बाशोचा जन्म १६४४ चा, इगा प्रांतांतील उएनो या गांवचा. बाप हलक्या दर्जाचा सामुराई. तरुणपणीं तो तेथील तोदो घराण्याच्या एका शाखेंतील धाकट्या धन्याच्या पदरीं होता, आणि कवितेचा नाद दोघांनाहि होता. १६६६ सालीं तो धनी अकालीं वारला आणि बाशोच्या आयुष्याची बसलेली घडी विसकटली. कांहीं वर्षांनीं तो एदोस आला, कवितेचा गुरु म्हणून त्यानें नांव मिळविलें, आणि १६८० त शहराची वर्दळ सोडून सुमिदा नदीपलीकडे फुकागावा येथें एका झोपडींत जाऊन राहिला. एका शिष्यानें झोपडीपुढें केळीचा कोंब आणून लावला. जपानी भाषेंत केळीस बाशो म्हणतात. झोपडीचें नांव तेंच पडलें आणि पुढें मालकाचेंहि. आमच्याकडे मंगलकार्याच्या दारीं उभी राहणारी केळ त्या हवेंत फळ धरीत नाहीं, तिचें लांकूड कशाच्या उपयोगाचें नाहीं, आणि वारा सुटला कीं पानें तेवढीं फाटतात. नेमक्या या निरुपयोगीपणासाठींच तिच्यावर बाशोचा जीव जडला. केळीचा गाभा निःसार असतो हें बौद्ध ग्रंथकारांनीं आमच्याच देशांत प्रथम सांगितलें होतें, तेव्हां हें नांव अगदींच परकें नव्हे. १६८२ च्या अखेरच्या मोठ्या आगींत ती झोपडी जळाली. शिष्यांनीं वर्गणी करून दुसरी बांधून दिली. घर ही आगीनें एका रात्रींत नेण्याची वस्तु आहे हें एकदां कळल्यावरच बाशोचे मोठे प्रवास सुरू झाले, ही गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे.

१६८७ च्या प्रवासाचें त्यानें जें वृत्त लिहिलें त्याचें नांव 'ओइ नो कोबुमि'. ओइ म्हणजे यात्रेकरू पाठीवर बांधतात ती पेटी. त्या पेटींतलीं टिपणें, असा नांवाचा अर्थ. त्याच्या आरंभीं साइग्यो या बाराव्या शतकांतील भटक्या कवीचें आणि हाकोनेच्या पायथ्याशीं प्रवासांतच देह ठेवणाऱ्या सोगीचें नांव घेऊन बाशोनें आपली परंपरा सांगितली आहे. प्रवासवर्णन कसें नसावें याविषयींहि त्याचीं मतें तेथें आलीं आहेत. सकाळीं पाऊस होता, दुपारीं उघडलें, येथें एक झाड आहे, तेथें अमुक नदी वाहते, हें कोणीहि लिहील, असा त्याचा रोख आहे. आमच्याकडील कित्येक प्रवासवर्णनकारांनीं हें पान निघण्यापूर्वीं वाचावें अशी शिफारस करावीशी वाटते.

निघण्याआधींचा पंधरवडा निरोप-समारंभांत गेला. शिष्य आणि स्नेही यांनीं मेजवान्या दिल्या, कोणी नावेंतून फिरावयास नेलें, आणि प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें थंडीपासून रक्षण करणारी एकेक वस्तु आणून दिली: कोणी कागदी कपडे, कोणी कापूस भरलेली बंडी, कोणी टोपी, कोणी पायमोजे. आपण कोणी मोठा असामी असल्यासारखा हा थाट झाला, अशी बाशोनें स्वतःची थट्टा केली आहे. कागदी कपडे म्हणतांच वाचक थबकेल. परंतु तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी कागद चिवट असतो. त्याला खळ चढवून, चुरगळून मऊ केला म्हणजे त्याचे अंगरखे शिवतां येतात. ते हलके असतात आणि वारा अडवितात. गरीब लोक, भिक्षु आणि प्रवासी यांचा तो हिवाळी पोशाख होता. अशा रीतीनें जो एकटा निघाला त्याच्या अंगावरचें प्रत्येक वस्त्र दुसऱ्या कोणाच्या तरी हातचें होतें. बाशोच्या एकटेपणाची ही जात नीट ओळखली पाहिजे. तो एकटा चाले, एकाकी नव्हता.

आणि ज्या रस्त्यानें तो चालला तो तर जगांतील अत्यंत गजबजलेल्या रस्त्यांपैकीं एक होता. एदोपासून क्योतोपर्यंतचा तोकाइदो हा सुमारें तीनशें मैलांचा मार्ग. १६०१ सालीं तोकुगावा इएयासुनें त्यावर टप्प्यांचीं ठाणीं नेमलीं. पुढें त्यांची संख्या ५३ झाली. प्रत्येक ठाण्यावर सरकारी कामासाठीं घोडे व हमाल तयार ठेवावे लागत, आणि उतारूंसाठीं खाणावळी असत. री हें जपानी अंतराचें माप आमच्या कोसाहून थोडें मोठें, जवळजवळ अडीच मैलांचें. दर रीला रस्त्याच्या दोन्ही अंगांस मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावलेलें असे, त्यामुळें चालणाऱ्यास आपण किती आलों याचा हिशेब सांपडे. १६३५ पासून देशांतील संस्थानिकांस ठराविक काळ एदोंत येऊन राहण्याची सक्ति झाली, तेव्हां त्यांच्या शेंकडों माणसांच्या स्वाऱ्या याच वाटेनें जाऊं-येऊं लागल्या. बाशोच्या मागून अवघ्या चार वर्षांत, १६९१ च्या हिवाळ्याच्या अखेरीस, डच वखारीचा जर्मन वैद्य एंगेलबर्ट केंफर हा याच वाटेनें एदोस गेला. युरोपांतील भर वस्तीच्या शहरांतील रस्त्यांपेक्षांहि कांहीं दिवशीं येथें अधिक गर्दी असते, असें त्यानें आश्चर्यानें नोंदलें आहे: संस्थानिक, व्यापारी, इसेच्या मंदिराचे यात्रेकरू, भिक्षुणी, भिकारी, सर्व एकाच वाटेवर.

या रस्त्याची दुसरी बाजू म्हणजे चौक्या. हाकोनेच्या घाटांत एक आणि हामाना सरोवराच्या मुखाशीं आराइ येथें दुसरी. एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोंतून बाहेर जाणाऱ्या स्त्रिया यांच्यावर तेथें कडक नजर असे. कारण संस्थानिकांच्या बायकामुलें एदोंत ओलीस असल्यासारखीं होतीं, आणि त्यांपैकीं कोणी निसटलें तर बंडाची नांदी समजावयाची. मोठ्या नद्यांपैकीं कांहींवर, मुख्यतः ओइ नदीवर, पूल नव्हते. माणसांच्या खांद्यांवर बसून पलीकडे जावें लागे. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे उतारूंचे तांडे काठावर दिवसच्या दिवस अडकून पडत. हिवाळ्यांत पाणी उतरलेलें असल्यामुळें हा त्रास कमी, आणि हवा कोरडी असल्यामुळें फूजी पर्वत लख्ख दिसतो. म्हणजे थंडीच्या प्रवाशास रस्त्यानें दोन सवलती दिल्या होत्या म्हणावयाच्या. आज त्याच दिशेनें शिंकान्सेन नांवाची वेगवान आगगाडी धांवते व तोकियोहून ओसाकास सुमारें अडीच तासांत पोंचते. बाशोला एदोहून नारुमीस पोंचण्यास नऊ-दहा दिवस लागले, आणि ही चाल मुळींच मंद नव्हे. अकराव्या महिन्याच्या चौथ्या तिथीस तो नारुमी येथें आपला शिष्य चिसोकु याच्या घरीं उतरला. चिसोकु हा साके नांवाचें तांदुळाचें मद्य गाळणारा सधन गृहस्थ. नारुमी आतां नागोया शहराच्या पोटांत गडप झालें आहे.

नागोया हें ओवारी संस्थानाचें मुख्य शहर, आणि बाशोच्या काव्यजीवनांत त्याचें स्थान फार मोठें. तीन वर्षांपूर्वीं, १६८४ च्या हिवाळ्यांत, तो पहिल्यांदां तेथें आला तेव्हां त्या शहरांतील पांच-सहा तरुणांनीं त्याच्यासह बसून साखळी-काव्यें रचलीं. एकानें तीन ओळी म्हणाव्या, दुसऱ्यानें दोन जोडाव्या, तिसऱ्यानें त्यांतून भलतेंच वळण काढावें, असा हा प्रकार. एका बैठकींत छत्तीस दुवे होत. त्या बैठकींचा संग्रह 'फुयु नो हि', म्हणजे 'हिवाळ्याचे दिवस', या नांवानें निघाला, आणि बाशोच्या स्वतंत्र शैलीचा तो आरंभ समजतात. रचणारे कोण होते? एक वैद्य, एक कापडवाला, एक लांकडाचा व्यापारी, एक तांदुळाचा व्यापारी. दरबारी कवि त्यांत एकहि नाहीं. ज्याला आम्ही जपानी अभिरुचीचें शिखर म्हणतों तें दुकानदारांच्या बैठकींत, हिशेबाच्या वह्या मिटल्यानंतर तयार झालें, ही गोष्ट आमच्याकडील पंडितवर्गास थोडी अवघड जाईल. परंतु तुकोबा वाणी होते आणि नामदेव शिंपी होते हें ज्यांस ठाऊक आहे त्यांना ती जड जाऊं नये.

त्या बैठकीतला तांदुळाचा व्यापारी म्हणजे त्सुबोइ तोकोकु. गुरूचा तो अत्यंत आवडता होता. १६८७ त बाशो परत आला तेव्हां तोकोकु नागोयांत नव्हता. दोन वर्षांपूर्वीं, १६८५ सालीं, संस्थानच्या अधिकाऱ्यांनीं त्याला ओवारीच्या हद्दींतून घालवून दिलें होतें. त्याच्यावरील आरोप 'कुमाइ'चा. कुमाइ म्हणजे पोकळ तांदूळ: कोठारांत माल नसतांना त्याच्या चिठ्ठ्या विकणें.

हा गुन्हा समजून घेतला पाहिजे, कारण त्या काळचें सगळें राज्य तांदुळावर उभें होतें. शेतकरी सारा तांदुळांत भरी. सामुराईचें वेतन तांदुळाच्या मापांत ठरे. संस्थानची योग्यताहि अमुक इतक्या मापांच्या उत्पन्नाची, अशीच सांगितली जाई. पण रोजचा व्यवहार नाण्यांत होऊं लागला होता, तेव्हां हा तांदूळ विकून नाणें करणारा व्यापारी अपरिहार्य झाला. कोठारांतील मालाबद्दल चिठ्ठी लिहून दिली जाई, ती चिठ्ठी हातोहात फिरे, आणि फिरतां फिरतां चिठ्ठीच्या मागें प्रत्यक्ष धान्य आहे कीं नाहीं हें पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी होई. पुढें भाव उतरला कीं माल घेऊन भरणा करूं, या भरंवशावर व्यापारी आधींच विकून मोकळा होत असे. आमच्या मुंबईनें अमेरिकेंतील यादवीच्या दिवसांत कापसावर हाच खेळ केला, आणि १८६५ त त्याचें प्रायश्चित्त घेतलें. राज्यकर्त्यांस या खेळाची भीति वाटणें स्वाभाविक होतें. त्यांच्या शिपायांचा पगार त्या भावावर अवलंबून होता.

परंतु इतिहासाची विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. तोकोकुच्या शिक्षेनंतर ४५ वर्षांनीं, १७३० सालीं, शोगुन योशिमुने याच्या सरकारनें ओसाकाच्या दोजिमा पेठेंत केवळ वहींतल्या नोंदींवर चालणाऱ्या तांदुळाच्या खरेदी-विक्रीस रीतसर परवानगी दिली. भाव फार पडले होते, सामुराई कर्जांत बुडाले होते, आणि सट्टा चालला तर भाव सावरेल अशी सरकारची अटकळ होती. जगांतील पहिला संघटित वायदेबाजार म्हणून अर्थशास्त्राचे अभ्यासक आज दोजिमाकडेच बोट दाखवितात. ज्या जातीच्या व्यवहारासाठीं एका पिढींत मनुष्य घरादारास मुकला त्याच जातीच्या व्यवहारास दोन पिढ्यांनंतर राजमान्यता मिळाली. दरम्यान माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. सरकारची गरज बदलली होती. तोकोकु निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या चिठ्ठ्यांवर विश्वासून कोणी बुडालें नसेलच असें नाहीं. एवढेंच कीं, त्याचा गुन्हा हा ज्या राज्यव्यवस्थेच्या पोटांतून जन्मला तिनेंच त्याला शिक्षा केली.

तोकोकु आतां शेजारच्या मिकावा प्रांतांत, आत्सुमी नांवाच्या लांबट भूशिराच्या टोंकाजवळ, होबी या खेड्यांत नांव बदलून राहत होता. बाशो नारुमीस पोंचल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबरच्या मध्यास, त्याच्या भेटीसाठीं उलट दिशेनें निघाला. स्वतःच्या हिशेबानें तो २५ री, म्हणजे जवळजवळ ६० मैल मागें गेला. येथें चिकित्सक वाचकास एक प्रश्न सुचेल. त्या भूशिराकडे वाट फुटते ती योशिदा या ठाण्याजवळ. योशिदा म्हणजे आजचें तोयोहाशी. एदोहून येतांना बाशो योशिदावरूनच आला होता. मग तेव्हांच कां वळला नाहीं? पुढें जाऊन, मुक्काम करून, पुन्हा तेंच अंतर थंडींत तुडविण्याचें कारण काय? त्यानें स्वतः एवढेंच लिहिलें आहे कीं प्रथम एत्सुजिन यास निरोप पाठविला. एत्सुजिन हा नागोयांतील रंगारी, तोकोकुचा मित्र. आमचा तर्क असा कीं, लपून राहणाऱ्या माणसाकडे आगाऊ सूचना न देतां, वाटाड्यावांचून जाणें योग्य नव्हतें. ज्याला शासन झालें आहे त्याच्या दारीं एदोचा प्रसिद्ध कवि एकाएकीं उभा राहिला तर खेड्यांत बोभाटा व्हावयाचा, आणि तो त्या माणसालाच भोंवावयाचा. म्हणून आधीं नारुमी, तेथून निरोप, मग सोबती, आणि मग मागें फिरणें. वाट दुप्पट झाली, पण रीत पाळली गेली.

योशिदापासून पुढें राजमार्ग सुटला. आमात्सु येथें भातखाचरांमधून जाणारी एक अरुंद बांधाची वाट आहे. एका अंगास उघडें मैदान, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि समुद्रावरून येणारा वारा अडविण्यास एक झाडहि नाहीं. ही जागा फार थंड आहे असें बाशोनें स्पष्ट लिहिलें आहे. थंडीविषयीं तक्रार करण्याची त्याची रीत नव्हती, म्हणून त्या चार शब्दांना वजन आहे. तो भाड्याच्या घोड्यावर होता. घोड्यावर बसणें आम्हांस सुखाचें वाटतें. पण थंडींत चालणाऱ्याचें रक्त तरी खेळतें, बसलेला माणूस मात्र आखडत जातो. त्या आखडलेल्या देहावर त्यानें रचलेली कविता प्रसिद्ध आहे. तिचे तीन-चार निरनिराळे खर्डे उपलब्ध आहेत, त्यावरून तो अनुभव त्याच्या मनांतून सहजासहजीं निघाला नाहीं असें दिसतें. एत्सुजिननें मात्र थंडीवर आपला स्वतंत्र उपाय केला होता. तो साके पिऊन घोड्यावर झुलत होता, आणि गुरूनें त्याचीहि कवितेंत थट्टा करून घेतली.

याच मिकावाच्या किनाऱ्याशीं आमच्या देशाचा एक जुना धागा जोडलेला आहे; तो येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'निहोन कोकि' या नवव्या शतकांतील बखरींत अशी नोंद आहे कीं, ७९९ सालीं एका लहान होडींतून विशीच्या सुमाराचा एक परका तरुण एकटाच या प्रांताच्या किनाऱ्यास वाहत आला. अंगावर एक वस्त्र आणि लंगोटी; भाषा कोणास कळेना. पुढें थोडी भाषा शिकल्यावर त्यानें आपण तेन्जिकुचे, म्हणजे हिंदुस्थानचे, असें सांगितलें. त्याच्याजवळ एक तार असलेलें वाद्य होतें, आणि त्यावर तो जें गात असे तें करुण वाटे. त्याच्या सामानांत कापसाचें बीं निघालें. दुसऱ्या वर्षीं तें दक्षिणेकडील प्रांतांत पेरण्यास दिलें गेलें. तें बीं टिकलें नाहीं. जपानांत कापूस खऱ्या अर्थानें रुजला तो सहा-सातशें वर्षांनंतर, दुसऱ्या वाटेनें येऊन. पण बाशोच्या काळीं मिकावाचा कापूस नांवाजलेला होता, आणि एकतारीवाल्या त्या अनामिकाची आठवण त्या प्रांतांत एका देवळाच्या रूपानें आजहि जतन केलेली आहे. तो खरोखर हिंदुस्थानचा होता कीं आग्नेय आशियांतील एखाद्या बेटाचा, यावर विद्वानांत मतभेद आहे. एकतारी हा कांहीं पुरावा नव्हे. तरी तिचें नांव वाचतांना आम्हां मराठी माणसांचे कान टवकारल्यावांचून राहत नाहींत.

होबीस तोकोकुची भेट झाली. त्या भेटींत काय बोलणें झालें याविषयीं 'ओइ नो कोबुमि'त अक्षर नाहीं. तेथून एक रीवर भूशिराचें टोंक आहे, त्याचें नांव इरागो. तिकडे तो गेला आणि तेथील वर्णन मात्र त्यानें निगुतीनें केलें आहे. ही भूमि मिकावाची असून मध्यें समुद्र असतांहि आठव्या शतकांतील 'मान्योश्यू' या काव्यसंग्रहांत ती पलीकडच्या इसे प्रांतांत कां मोडते, याची त्यानें चर्चा केली आहे. किनाऱ्यावर सोंगट्यांसाठीं वेंचतात त्या शिंपल्यांचा उल्लेख केला आहे. दक्षिणेकडून समुद्र ओलांडून येणारे ससाणे प्रथम येथें उतरतात हें सांगितलें आहे. आणि मग एकच ससाणा दृष्टीस पडल्याचा आनंद एका कवितेंत आला आहे. तो ससाणा म्हणजे तोकोकु, हें जपानी टीकाकार पूर्वींपासून सांगत आले आहेत, आणि तें मान्य करण्यास आम्हांस अडचण दिसत नाहीं. त्याहून एक गोष्ट कमी बोलली जाते. 'मान्योश्यू'तील ज्या प्रकरणामुळें इरागो प्रसिद्ध झालें तें ओमी नांवाच्या एका राजपुत्राच्या हद्दपारीचें आहे. बाशोनें 'मान्योश्यू'चें नांव घेतलें आणि राजपुत्राचें घेतलें नाहीं. पण ज्यांच्यासाठीं तो लिहीत होता त्या वाचकांस तें प्रकरण पाठ होतें. भूगोलाच्या एका कोरड्या शंकेच्या आड त्यानें आपल्या व्यापारी मित्रास हजार वर्षांच्या जुन्या, राजवंशी हद्दपाराच्या शेजारीं नेऊन बसविलें.

भेटीचा सारा प्रवास एका आठवड्याच्या आंत आटोपला. त्यानंतरचा हिवाळा नागोयाच्या परिसरांत बरा गेला. आत्सुता येथील प्राचीन देवस्थान बाशोनें १६८४ त पाहिलें तेव्हां भिंती ढांसळून गवत माजलें होतें. आतां जीर्णोद्धार होऊन तें नवें झालेलें त्यास दिसलें. इबुकी पर्वताकडील खिंडींतून त्या बाजूस बर्फाचे ढग येतात. बर्फ पडलें कीं तें पाहण्यास मंडळी जमत, आणि कवितेच्या बैठकी होत. वर्षाच्या अखेरीस तो जन्मगांवाकडे निघाला. हिनागा खेड्यापासून भाड्याचा घोडा करून चढण चढत असतां खोगीर फिरलें आणि कविराज जमिनीवर आले. ही फजिती त्यानें कवितेंत घातली, आणि त्या गडबडींत ऋतूचा निर्देश करण्याचा नियम राहून गेला हेंहि मोकळेपणानें नमूद केलें. उएनोस वडीलभावाच्या घरीं त्याच्या जन्माची वाळलेली नाळ जपून ठेवलेली होती. जपानांत ती पुरीत नाहींत, डबींत ठेवतात. आई चार वर्षांपूर्वीं, तो एदोंत असतांना वारली होती. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत ती नाळ हातीं घेऊन तो रडला. ज्या गांवीं नाळ पुरली त्या गांवाची ओढ आमच्या भाषेला ठाऊक आहे, तेव्हां यावर टीका करण्याची गरज नाहीं. नव्या वर्षाच्या आदल्या रात्रीं मात्र साके जरा जास्त झाली, आणि वर्षप्रतिपदेचा सूर्योदय त्यानें झोपून घालविला.

१६८८ च्या वसंतांत इसे येथें तोकोकु त्यास येऊन मिळाला. इरागोहून इसे खाडीपलीकडेच. आणि बंदी होती ती ओवारीची. मान्गिकुमारू असें पोरसवदा चाकराचें नांव धारण करून तो गुरूबरोबर योशिनोचीं चेरीचीं फुलें पाहण्यास, आणि पुढें सुमा-आकाशीच्या किनाऱ्यापर्यंत गेला. त्याच्या घोरण्याचें बाशोनें एक गमतीदार चित्र काढलें आहे; आवाज कोठें चढला, कोठें उतरला हें रेषेनें दाखविलेलें. जपानच्या सर्वश्रेष्ठ कवीच्या हातचें हें चित्र कित्येक टीकाग्रंथांहून आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

दोन वर्षांनीं, १६९० त, तोकोकु होबी येथेंच तरुण वयांत वारला. १६९१ च्या चौथ्या महिन्यांत बाशो क्योतोच्या पश्चिमेस सागा येथें एका शिष्याच्या बागेंतील घरांत राहत होता. त्या महिन्याच्या २८ व्या तिथीच्या रोजनिशींत त्यानें लिहिलें आहे कीं, स्वप्नांत तोकोकु आला आणि आपण रडत जागे झालों. मग त्याच्या सोबतीचे दिवस किती होते याचा हिशेब त्यानें मांडला आहे. स्वतः बाशो १६९४ च्या हिवाळ्याच्या तोंडीं ओसाका येथें, पुन्हा एका प्रवासांतच, वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणें बिवा सरोवराच्या कांठीं पुरला गेला. 'ओइ नो कोबुमि'चे कागद ओतोकुनी नांवाच्या शिष्याजवळ होते. त्यानें ते १७०९ सालीं छापून प्रसिद्ध केले. त्यांत होबीचें नांव आहे, तोकोकुचें नांव आहे, आणि तो तेथें लपून राहत होता हेंहि आहे. कशासाठीं, तें कोठेंच लिहिलेलें नाहीं.